टुकार आणि सावरीची शिडी

त्या राज्यात कुठलीही वस्तू एकटी बाजारात येत नसे. तिच्यापुढे एक शब्द चालायचा. मडकं असो, घोंगडी असो, नाहीतर मिठाईचं ताट असो, आधी शब्द वेशीतून आत यायचा, हातातली काठी दोनदा जमिनीवर आपटायचा आणि स्वतःचं नाव खड्या आवाजात घ्यायचा. मग मागून वस्तू यायची. लोक आधी शब्द ऐकत, मग वस्तू बघत, आणि दोहोंचा मेळ बसला की मान हलवत.

शब्दांचं पोट ह्या मान हलण्यावरच होतं. शब्द खरा ठरला की त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. खोटा ठरला की तेवढंच झडायचं. आणि एका पाडव्यापासून दुसऱ्या पाडव्यापर्यंत ज्याच्या मागून एकही वस्तू आली नाही, त्याचा आवाज आटून जायचा. अशा शब्दांसाठी राज्याच्या टोकाला एक माळ राखलेला होता. त्याला मुक्यांचा माळ म्हणत. तिथे गेलेले शब्द उन्हात नुसते बसून असत. कोणी विचारलं तर त्यांना आपलं नावही सांगता येत नसे.

राज्य करणारे महाराज म्हणजे एक नगारा होता. मोठा, तांब्याच्या पोटाचा, दिसायला भारदस्त. त्यांना आपणहून बोलता येत नसे. शेजारी टिपरू नावाचा प्रधान असायचा, शिसवी, सडपातळ, तेल पाजून गुळगुळीत केलेला. टिपरू अंगावर बसला की महाराज बोलत. जोरात बसला की जोरात बोलत. लोकांना ह्यात वावगं काही वाटत नसे, कारण आधीच्या महाराजांचंही असंच होतं.

बाजाराच्या मागच्या आळीत शब्दांची वस्ती होती, आणि तिथे टुकार राहायचा. वयाने उतरलेला, अंगाने गोल, चालायला हळू. त्याचं नाव ऐकून नवखे नाक मुरडत, पण वस्तीत त्याला मान होता, कारण तो आपल्या कामात फार काटेकोर होता. नुसतं काही कमी दिसलं म्हणून तो काठी उचलत नसे. "मोडलं असेल तर मोडक्याला न्या," तो म्हणायचा, "नासलं असेल तर नासक्याला. जुनं झालं असेल तर जुना आहे, तो माझ्यापेक्षा भला माणूस. मी फक्त तिथे, जिथे करणाऱ्याचं करताना लक्ष दुसरीकडे होतं."

एकदा एक भाकरी त्याच्या दारात आली. एका कडेने जाड, दुसऱ्या कडेने करपलेली, मध्येच एक भोक. लाजत लाजत म्हणाली, "चला, माझ्यापुढे तुम्हीच शोभाल." टुकारने तिला उलटून पाहिलं, सुलटून पाहिलं. पाठीवर बोटांचे ठसे होते, ते उजेडात धरून पाहिले.

"तुला थापणारीची ही पहिलीच दिसते."

"हो."

"मग तू वाकडी आहेस आणि करपलेली आहेस. ते दोघेही समोरच राहतात, त्यांना घेऊन जा. मी येणार नाही. एवढी बोटं जिथे उमटली तिथे माझं काही काम नाही."

त्याच दिवशी दुपारी राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून बर्फीचं ताट निघालं. वर चांदीचा वर्ख, कडेने गुलाबाच्या पाकळ्या. टुकारने ते नुसतं लांबून पाहिलं, धोतराचा सोगा नीट खोचला आणि न बोलावताच पुढे जाऊन उभा राहिला. बाजाराने एक वडी चाखली, मान हलवली, आणि टुकारच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आचारीसुद्धा रागावला नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून दूध आटताना तो चुलीपाशी बसायला लागला, असं म्हणतात.

गोष्ट बिघडली ती महाराजांच्या ठेक्यावरून.

दर पाडव्याला महाराज एक नवा ठेका बाजारात पाठवत. त्या वर्षी टिपरूला पुरणपोळीची घाई होती. त्याने गेल्या वर्षीचाच ठेका मागून पुढे वाजवला आणि दिला पाठवून. टुकार वेशीपाशी उभा होता. ठेका कोणाचा, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही विचारलं नाही. करणाऱ्याचं नाव विचारावं असं त्याच्या कधी मनातच येत नसे. त्याने नुसतं ऐकलं. ऐकून झाल्यावर काठी दोनदा आपटली आणि आपलं नाव घेतलं.

लोक हसले असते तर निभावलं असतं. बाजार हसला नाही. त्याने सवयीने मान हलवली, आणि टुकारच्या अंगावर मूठभर मांस चढलेलं भर चौकात सगळ्यांना दिसलं.

दुसऱ्या दिवशी टिपरू महाराजांवर सकाळपासून बसला आणि महाराज दुपारपर्यंत बोलत राहिले. हुकूम असा निघाला की ह्या राज्यात हलकं असं काही होतच नाही, तेव्हा हलक्या शब्दांची गरज उरलेली नाही. इथून पुढे प्रत्येक वस्तूपुढे उत्तम चालेल; फार तर त्याच्या मागे कचेरीने पसंत केलेला एखादा सभ्य शब्द. हलक्या शब्दाने न बोलावता वेशीत काठी आपटली तर त्याचा आवाज काढून घेतला जाईल.

वस्तीत पळापळ झाली. टुकारच्या भाऊबंदांपैकी सुमारने लगेच कचेरीत अर्ज दिला. तिथे त्याला 'समाधानकारक' नावाची बाराबंदी शिवून मिळाली. ती ढगळ होती, पण आत कोण आहे ते दिसत नव्हतं. निकृष्टला 'सुधारणेस वाव' असा पायघोळ अंगरखा मिळाला, आणि त्यात पाय अडकून तो रोज कुठेतरी पडायचा. आडदांड पुतण्या बेकार, तो गावातल्या उनाडांच्या टोळक्यात शिरला, छाती फुगवून 'बेक्कार' झाला आणि चक्क चांगल्या वस्तूंपुढे नाचायला लागला. लोक त्याला बघून शिट्ट्या मारत. टुकार त्याला एकदा वाटेत भेटला तेव्हा म्हणाला, "बाळा, तब्येत छान झाली तुझी. ओळखू आला नाहीस."

मग एक दिवस टिपरू स्वतः टुकारच्या ओसरीवर आला. बसला नाही. तो जिथे बसे तिथे आवाज होई, म्हणून परक्या घरी तो उभ्यानेच बोलायचा.

"काय टुकारराव, बरं चाललंय ना?"

"चाललंय कुठे. बसलोय."

"महाराजांच्या मनात तुमच्याविषयी तसं काही नाही."

"ते ठाऊक आहे," टुकार म्हणाला. "तुम्ही घालाल तेव्हा येईल."

टिपरूने ते ऐकलं न ऐकलंसं केलं. "नाव तेवढं बदला. 'साधासुधा' म्हणवून घ्या. रोजचं काम मिळेल. चेहऱ्याने तुम्ही त्याच्यासारखेच आहात, कोणाला कळायचंही नाही."

टुकारने बराच वेळ विचार केला. त्याला कुठल्याही गोष्टीला बराच वेळ लागायचा. मग म्हणाला, "साधासुधा माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. आजवर त्याने कोणाचं वाईट केलं नाही. उद्या मी त्याच्या नावाने न चिरणाऱ्या विळीपुढे चालणार, आणि लोक शिव्या त्याला देणार. तसं नको."

"मग पाडव्याला आवाज जाईल."

"जाईल तर."

"माळावर ऊन फार असतं म्हणतात."

"म्हणतात खरं. तिथून परत येऊन कोणी सांगितलं, तेवढं मात्र कळत नाही."

टिपरू निघून गेला. तो गेल्यावर टुकार आत गेला आणि त्याने दाराला आतून कडी लावून घेतली. तो काही धीराचा शब्द नव्हता. तसला एक होता, पण तो चार घरं सोडून राहायचा.

इकडे बाजारात दिवसभर एकच ललकारी ऐकू यायला लागली. पहिले काही दिवस लोकांना बरं वाटलं. प्रत्येकाच्या घरात जे येई ते उत्तम. पुढे पुढे कसली तरी कुरकुर सुरू झाली, पण ती कशाविषयी आहे ते सांगायला कोणाकडे शब्द नव्हता. एका म्हातारीने नवा पोहरा नेला. तो वर येईपर्यंत अर्धा रिकामा व्हायचा. उत्तम पोहरा गळेल कसा, म्हणून ती रोज सकाळी काठावर उभी राहून विहिरीला शिव्या द्यायची. एकाने कढई नेली, तिच्यात काहीच तळून निघेना. त्याने चूल तीनदा पाडून बांधली. घोंगडी घेणाऱ्यांनी थंडीला नावं ठेवली. सगळं राज्य आपापल्या घरात, आपलंच काहीतरी चुकतंय असं धरून, मुकाट्याने दुरुस्त्या करत बसलं.

आणि उत्तम वाळत चालला. पूर्वी तो वर्षातून चार-पाच वेळाच घराबाहेर पडायचा. पण पडला की बाजार उठून उभा राहायचा, आणि त्याचं अंग तालमीतल्या पैलवानासारखं होतं. आता तो दिवेलागणीला टुकारच्या ओसरीवर यायचा तेव्हा आधी त्याची काठी दिसायची, आणि मग नीट बघितलं की उत्तम.

"आज किती?" टुकारने एकदा विचारलं.

"तीनशे बारा."

"जेवलास का?"

"जेवणाने काय होतंय. सकाळी एका झाडूपुढे उभं केलं. झाडूला काड्याच नव्हत्या."

"नुसता दांडा?"

"नुसता दांडा. मी टिपरूला म्हटलं, ह्याला काठी म्हणू या, उत्तम काठी होईल. तर म्हणे, अक्कल नको, झाडू म्हणूनच उत्तम." त्याने मनगट पुढे केलं. "बघ. करंगळीएवढं राहिलं."

टुकारने ते मनगट हातात घेतलं. "दुखतं?"

"दुखत नाही. वारा आला की वाजतं."

"वैद्य काय म्हणाले?"

"राजवैद्य म्हणाले, अशक्तपणा आहे, काम पुरेसं मिळत नाही. उद्यापासून चारशे करायचे."

टुकारने ते मनगट हळूच खाली ठेवलं. मग उत्तम म्हणाला, "तुझ्या जागी असतो तर बरं झालं असतं."

"माझी जागा पाडव्यापर्यंत आहे. हवी तर घे."

दोघांनाही हसू आलं. हसताना उत्तमला ओसरीचा खांब धरावा लागला. टुकार हसला, पण त्याच्या हसण्याला आवाज थोडाच आला; तो त्या दिवसांत विरळ व्हायला लागला होता. सकाळी चूळ भरताना तो हळूच घसा खाकरून बघे. खाकरणं रोज थोडं लांबून आल्यासारखं वाटे.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी टुकारने सदरा धुतला आणि ओसरीवर वाळत घातला. माळावर जाताना अंगावर धुतलेलं असावं, एवढंच त्याच्या मनात होतं. तेवढ्यात अंगणात खट खट असा आवाज झाला. पाहतो तो एक शिडी. अंगभर शेंदरी रंग, त्यावर सोनेरी पट्टे, टोकाला झेंडूची माळ.

"टुकारबाबा इथेच राहतात का?"

"इथेच. उद्यापर्यंत. ये बाई, भिंतीला टेक जरा."

"टेकायचीच भीती वाटते," शिडी म्हणाली. "म्हणून तर आले."

तिने सांगितलं ते असं. राजवाड्यासमोर नवा नगारखाना बांधला होता, तीन पुरुष उंच. उद्या दुपारी वर्ष पालटताना महाराज तिच्यावरून चढून वर बसणार होते आणि तिथून नवा ठेका देणार होते. खाली सगळं राज्य उभं असणार होतं. तिच्यापुढे अर्थातच उत्तम चालणार होता.

"मग तुझी अडचण काय?"

"बाबा, मी सावरीची आहे."

टुकार जरा सरळ बसला. सावरीचं लाकूड म्हणजे बाहुल्या कराव्यात, फार तर खोकी ठोकावीत. त्यावर कोणी पाय देत नाही.

"खालच्या दोन पायऱ्या सागाच्या आहेत," शिडी म्हणाली. "सुताराकडे त्या उरल्या होत्या म्हणून लागल्या. तिसरीपासून वर सगळा रंगच आहे."

टुकार उठला. त्याने खालून वर एकेक पायरी बोटाने वाजवून पाहिली. रंगाला नख लावून पाहिलं. खिळे पाहिले, काही खिळे लाकडात होते, काही नुसते लाकडाच्या शेजारी होते. त्याने घाई केली नाही.

"तुला करताना सुतार काय म्हणत होता?"

"चालतंय म्हणाला."

"एकदाच?"

"दर पायरीला."

"आणि बघत कुठे होता?"

"समोर दोन बैलांची टक्कर लागली होती."

टुकारने सुस्कारा सोडला. "मग काम माझंच आहे," तो म्हणाला, आणि पुन्हा खाली बसला. त्याला एक कोडं पडलं होतं. एवढ्या वर्षांत एकही टुकार वस्तू आपणहून त्याच्याकडे आली नव्हती. त्यांच्यापुढे त्यालाच धावत जावं लागायचं, आणि त्या तोंड फिरवून चालायच्या. ही चालत आली होती, भर उन्हात, रंग उडेल ह्याची पर्वा न करता. आणि वस्तूने आपणहून शब्दाला पुढे घेतलं तर त्याला कोणी अडवू नये, हा रिवाज तर नगाऱ्यापेक्षाही जुना होता.

"मला पुढे घेतलंस तर तुझं काय होईल, ठाऊक आहे? तुला चुलीत घालतील."

"लाकडाला चुलीची कसली भीती. पण माझ्यावरून कोणी पडलं तर ते मला बघवणार नाही."

टुकार डोकं खाजवत बसला. शेवटी म्हणाला, "शिडी म्हणून तू टुकार आहेस बाई, त्यात मला शंका नाही. पण हे आत्ता जे तू बोललीस, ते कशात धरायचं ते मला कळत नाही. त्याच्यापुढे मी चालू शकणार नाही."

"त्याच्यापुढे कोणी चालावं म्हणून मी आले नाही. तुमचा आवाज आहे ना अजून?"

"उद्याच कळेल. मागे वस्तू नसताना नाव घ्यायचा रिवाज नाही आमच्यात."

पाडव्याला दुपारी सगळं राज्य नगारखान्यासमोर जमलं. नगारखान्याची सावली आखडत आखडत त्याच्या पायाशी आली की वर्ष पालटणार होतं. ती अजून चार बोटं बाहेर होती. दोन शिपायांनी उत्तमला दंडाला धरून आणलं होतं. तो पडू नये म्हणून धरलं होतं की पळू नये म्हणून, ते सांगता येत नव्हतं. मागून शिडी येत होती, आणि तिच्या मागे रथात महाराज, खांद्यावर टिपरू.

उत्तमची काठी खाली यायच्या आतच टुकार गर्दीतून बाहेर आला. धुतलेल्या सदऱ्यात, नेहमीच्या चालीने. शिपाई पुढे झाले तशी शिडी म्हणाली, "त्यांना मी पुढे घेतलंय."

शिपाई थांबले. त्यांनी टिपरूकडे पाहिलं. टिपरूने सावलीकडे पाहिलं आणि हसला. "बोलू द्या त्यांना," तो म्हणाला. "काय आवाज उरलाय ते तरी कळेल."

टुकारने काठी दोनदा आपटली आणि तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. गर्दीत कोणीतरी खोकलं. टुकारने पुन्हा तोंड उघडलं. ह्या वेळी न वापरलेल्या दाराची करकर झाली. सावली दोन बोटांवर आली होती. त्याने वळून मागे पाहिलं. शिडी ताठ उभी होती आणि तिच्या सगळ्या पायऱ्या थरथरत होत्या. टुकारने सावलीकडे पाहणं सोडून दिलं. दम घेतला. आणि तिसऱ्यांदा, मोठ्याने नाही, घरात कोणी बसल्या जागेवरून "दूध उतू गेलं" असं सांगावं तसं, त्याने आपलं नाव घेतलं.

"टुकार."

कोणीही मान हलवली नाही. वर्षभरात माना अवघडून गेल्या होत्या.

टिपरू महाराजांवर जोरात बसला. "खोटं," महाराज गरजले. टिपरूने उत्तमकडे बोट केलं. उत्तमने तोंड उघडलं, तसा त्याच्या अंगातून वारा शीळ घालत निघून गेला. शब्द आला नाही. टिपरू दोनदा बसला, तीनदा बसला, महाराज "बोल, बोल" म्हणून गरजत राहिले, आणि उत्तम तोंड उघडं ठेवून उभा राहिला.

"अरे, मीच चढून दाखवतो," टिपरू म्हणाला. "माझं वजन ते काय."

"प्रधानजी, नका," शिडी म्हणाली. "दोनच्या वर नका."

टिपरू पहिली पायरी चढला. दुसरी चढला, आणि लोकांकडे वळून हात हलवला. तिसरीवर त्याने पाय ठेवला तेव्हा फारसा आवाजसुद्धा झाला नाही. पापड मोडल्यासारखं काहीतरी वाजलं. आवाज झाला तो टिपरू फरशीवर पडला तेव्हा. शिसवी लाकूड कठीण खरं, पण त्याला वाकणं ठाऊक नसतं. त्याचे सरळ दोन तुकडे झाले, आणि चूक कोणाची ह्यावरून ते दोन तुकडे आपापसात हळू आवाजात भांडत पडून राहिले.

सगळ्यांनी महाराजांकडे पाहिलं. महाराज काहीच बोलले नाहीत. बोलवणारं कोणी उरलं नव्हतं.

गर्दीत ती म्हातारी होती. तिने मोडक्या पायरीकडे पाहिलं, मग टुकारकडे, मग बहुधा मनातल्या मनात आपल्या विहिरीकडे. आधी तिची मान हलली. मग कढईवाल्याची. मग माना कटकट वाजत सगळीकडे हलायला लागल्या, वर्षभराचा गंज झडावा तशा. टुकारच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याने हळूच घसा खाकरून पाहिला. खाकरणं जवळून आलं.

शिडी मात्र तशीच उभी होती, सगळ्या राज्यासमोर, पायरी मोडलेली, रंगाचे पोपडे उडालेले. तेव्हा उत्तमने शिपायांचे हात बाजूला केले. कोणी सांगितलं नव्हतं. तो लटपटत तिच्यापुढे जाऊन उभा राहिला, आणि जी काठी त्याला उचलवत नव्हती ती त्याने एकदाच आपटली.

"उत्तम," तो म्हणाला.

लोक घोटाळले. मोडक्या शिडीपुढे हा कसा, असं एकमेकांना विचारायला लागले. विचारता विचारता एकेकाला आठवलं की टुकारला पुढे घेऊन कोण आलं होतं. मग पुन्हा माना हलल्या, ह्या वेळी अगदी सावकाश. उत्तमने मनगट डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि मग टुकारला दाखवलं. "वाजत नाही आता," तो म्हणाला.

शिडी चुलीत गेली नाही. वरचा रंगीत भाग एकाने बाहुल्यांसाठी नेला. खालच्या दोन सागवानी पायऱ्यांची घडवंची झाली, आणि म्हातारीने ती आपल्या स्वयंपाकघरात पाण्याचा हंडा ठेवायला नेली. हंडा भरलेला असे. कारण तिने दुसऱ्याच दिवशी पोहरा बदलला आणि विहिरीच्या काठावर हळद-कुंकू वाहिलं.

उत्तमविषयीचा हुकूम कोणी मागे घेतला नाही. तो पुन्हा कोणी वाजवला नाही, एवढंच. महाराज तीन दिवस नगारखान्याच्या पायथ्याशी रथात बसून होते. जाणारे-येणारे मुजरा करत. महाराज उत्तर देत नसत. त्यांच्यावर कबुतरं बसायला लागली.

चौथ्या दिवशी सकाळी टुकारने दार उघडलं तर आळीच्या तोंडापर्यंत रांग लागलेली. काड्या नसलेला झाडू होता, न चिरणारी विळी होती, काही तळू न शकणारी कढई होती, गळका पोहरा होता, आणि असं कितीतरी. वर्षभर उत्तमच्या मागून चालून सगळ्यांची तोंडं ओढल्यासारखी झाली होती.

"आधी मी," विळी म्हणत होती.

"तुझं लांबूनच दिसतंय," पोहरा म्हणाला. "तू मागे थांबलीस तरी चालेल."

"काय असेल ते एकदा सांगून टाका म्हणावं," झाडू म्हणाला. "काठी तर काठी. अधांतरी राहवत नाही."

टुकारने सगळ्यांना हाताने बसायची खूण केली आणि काठी घेऊन रांगेच्या कडेने निघाला. प्रत्येकाला नीट बघत, कोणाची कड चाचपत, कोणाला उजेडात वळवत तो शेवटापर्यंत गेला. शेवटी, सगळ्यांपासून चार हात दूर, घोंगडी डोक्यावरून ओढून कोणीतरी उभं होतं. फार मोठं, फार गोल. घोंगडीखालून तांब्याची एक कड दिसत होती.

"कोण आहे?" टुकारने विचारलं.

उत्तर आलं नाही. मग त्याच्या लक्षात आलं की उत्तर यायचं तरी कसं. तो वाकला, घोंगडी एका बाजूने उचलली, आणि ओळखीच्या घराचं दार वाजवावं तितकंच हलकं, एका बोटाने, ताणलेल्या चामड्यावर वाजवलं. मग कान लावला.

आतून एक आवाज आला. लहान, गोल, थोडा बिचकलेला. ह्याआधी तो राज्यात कोणी ऐकला नव्हता.

"अहो, उशीर होतोय," मागून झाडू कुरकुरला.

टुकारने हातातली काठी भिंतीला टेकवून ठेवली, जमिनीवर बैठक मारली, आणि दुसरा कानही तिकडे केला.